स्पोर्ट्स कारचं इंजिन ऑइल तापतंय? मराठवाड्याच्या उन्हात नव्या लोकांनी काय करायचं, कुठल्या क्रमानं करायचं

एप्रिल लागला की आपल्याकडं पहिल्यांदाच फास्ट गाडी घेतलेल्या लोकांचे तेच तेच प्रश्न सुरू होतात. "दादा ऑइल टेम्प ११८ दाखवायलंय, गाडी बंद करू का?", "समृद्धीवर नुसतं सरळ चालवत जालन्याला आलो तरी ११० झालं, हे नॉर्मल हाय का?", "ऑइल कूलर कुठला लावू?" आणि दुसरीकडं असेही भाऊ आहेत की ज्यांनी आजपर्यंत ऑइलचं टेम्परेचर बघितलेलंच नाही, डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आहे ना मग झालं असं त्यांना वाटतं. मला जास्त काळजी या दुसऱ्यांची वाटते.

खाली सगळं क्रमानं लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे कारण आपल्याकडं बहुतेक लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात, म्हणजे आधी कूलर मागवतात आणि मग कळतं की रेडिएटरच्या पुढं बोटभर धूळ आणि कापसाचा कचरा बसलेला होता. आधी मोजायचं, मग फुकटातल्या गोष्टी करायच्या, मग ऑइल, मग गाडी चालवायची पद्धत, आणि एवढं करूनही आकडा चढत असेल तर कूलर.

पायरी १: आधी ऑइलचा आकडा बघायला शिका

डॅशबोर्डवर जो टेम्परेचरचा काटा असतो तो कूलंटचा (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याचा) असतो, ऑइलचा नाही. आणि तो काटासुद्धा कंपनीनं मुद्दाम शांत ठेवलेला असतो, बऱ्याच गाड्यांत कूलंट ७५ असो नाहीतर १०५, काटा आपला ९० वरच उभा. म्हणजे तो हलला तेव्हा बऱ्यापैकी उशीर झालेला असतो. कूलंटला थर्मोस्टॅट (गरमीप्रमाणं उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) असतो, रेडिएटर असतो, पंखा असतो, त्यामुळं ते एका पट्ट्यात राहतं. ऑइल मात्र क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) बेअरिंगमधून जातं, पिस्टनच्या खालून त्याचे फवारे उडतात, टर्बोच्या (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) शाफ्टमधून जातं आणि सगळी गरमी घेऊन खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या भांड्यात, येऊन पडतं. त्यामुळं कूलंट ९० असताना ऑइल १२५ असणं अगदी शक्य आहे, ट्रॅकवर तर नेहमीचंच आहे.

सकाळी उलटं होतं. कूलंट पाच-सात मिनिटात तयार होतं पण ऑइलला साधारण त्याच्या दुप्पट वेळ लागतो. काटा मधे आला म्हणजे इंजिन तयार झालं असं समजून पाय दाबणारे लोक थंड, घट्ट ऑइलवर इंजिन पिळत असतात.

आकडा कुठं दिसतो? स्कोडा-फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या समोरच्या स्क्रीनवर मेनूत ऑइल टेम्परेचर मिळतं, ५० च्या खाली आकडा न दाखवता नुसत्या रेघा दाखवते, त्यामुळं गाडी चालू करून रेघा दिसल्या तर सेन्सर खराब आहे असं समजू नका. संभाजीनगरच्या शेंद्र्याला स्कोडाचा प्लांट असल्यामुळं आपल्या भागात ऑक्टाव्हिया-सुपर्बचं प्रमाण तसंही चांगलं आहे, त्यांना हे माहीत असायला हवं. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्या, मस्टँग, पोर्शे यांच्यात पण कुठंतरी असतंच, मॅन्युअल उघडा, एकदा शोधा आणि तीच स्क्रीन कायम समोर ठेवायची सवय लावा.

ज्या गाडीत दिसतच नाही तिथं ओबीडीच्या, म्हणजे गाडी तपासायच्या पोर्टला लावायचं छोटं ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवर ॲप. पण सगळ्या गाड्या ऑइलचा आकडा त्या पोर्टवर देत नाहीत, काही गाड्यांत सेन्सरच नसतो आणि गाडी हिशोब करून अंदाजाचा आकडा दाखवते. असं असेल तर ऑइल फिल्टरच्या खाली सँडविच प्लेट (फिल्टर आणि इंजिनाच्या मधे बसणारी जाड चकती) टाकून तिच्यात सेन्सर बसवून खरा गेज लावता येतो, हे काम अनुभवी मेस्त्रीकडूनच करून घ्या कारण तिथली एक सील नीट बसली नाही तर रस्त्यावर सगळं ऑइल खाली.

एक लक्षात ठेवा, सेन्सर कुठं आहे त्यावर आकडा बदलतो. चेंबरमधलं ऑइल, फिल्टरजवळचं ऑइल आणि बेअरिंगमधून नुकतंच बाहेर पडलेलं ऑइल, तिघांचं टेम्परेचर वेगवेगळं. म्हणून मित्राच्या वेगळ्या गाडीच्या आकड्याशी तुमचा आकडा जुळवत बसू नका. तुमच्याच गाडीचा, त्याच रस्त्यावरचा, मागच्या महिन्याचा आकडा लिहून ठेवा आणि त्याच्याशी तुलना करा, बाहेरचं तापमान पण शेजारी लिहा. ही वही सगळ्यात कामाची वस्तू आहे, मी मनापासून सांगतो.

पायरी २: कुठला आकडा चांगला, कुठला वाईट

चांगलं सिंथेटिक ऑइल धरून बोलतोय.

८० च्या खाली: इंजिन अजून तयार नाही. ३००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वर जाऊ नका, फुल ॲक्सिलरेटर तर नाहीच.

९० ते ११०: हीच खरी जागा. ऑइलमध्ये जमलेलं पाणी आणि पेट्रोलचा अंश उडून जायलाही एवढी गरमी लागतेच, म्हणून ऑइल जितकं थंड तितकं चांगलं हा गैरसमज काढून टाका.

११० ते १२०: मे महिन्यात, हायवेला, एसी लावून असा आकडा येणं साहजिक आहे. घाबरायचं कारण नाही. "११८ झालं, बंद करू का" चं उत्तर हेच, बंद करू नका, चालू द्या.

१२० ते १३०: जोरात चालवताना, घाटात, ट्रॅकवर ठीक. पण नुसतं १०० च्या स्पीडनं आरामात जाताना एवढं होत असेल तर कुठंतरी गडबड आहे, खालच्या पायऱ्या बघा.

१३० च्या वर: पाय काढा. १४० ला तर हिमतीचा विषयच सोडा, ताबडतोब हळू व्हा आणि त्यानंतर ऑइल लवकर बदलून टाका.

यामागचं कारण समजून घ्या. काकवी थंडीत चमच्याला चिकटून बसते आणि कढईत गरम केली की पाण्यासारखी धावते, ऑइलचंही तसंच. ते पातळ झालं की क्रँक आणि बेअरिंगच्या मधला ऑइलचा थर बारीक होतो, प्रेशर पडतं, आणि एका टप्प्यानंतर धातूला धातू लागतो. दुसरं म्हणजे ऑइल खराब होण्याचा वेग. ढोबळ नियम असा की दर १० अंशाला ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट होतो, म्हणजे १०० च्या जागी १३० वर चालवलं तर ऑइल साधारण आठपट वेगानं म्हातारं होतंय. लगेच काही फुटत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नाही.

आता आपल्या उन्हाचा हिशोब. परभणी, नांदेड, जालना, बीड, मे महिन्यात ४२-४३ हे आपल्याला नवीन नाही. कूलर असो की रेडिएटर, तो गरमी किती फेकणार हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. ऑइल १२० आणि बाहेर २० असेल तर फरक १०० चा. बाहेर ४४ असेल तर फरक ७६ चा, म्हणजे तोच कूलर जवळपास पाव भागानं कमी काम करतोय. कूलंटचं तर अजून वाईट, १०० आणि २० मधला फरक ८०, १०० आणि ४४ मधला ५६, म्हणजे ३० टक्के गेले. त्यात डांबरी रस्त्यालगतची हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा अजून गरम असते. म्हणून युरोपातल्या माणसानं व्हिडिओत दाखवलेला आकडा बघून आपल्या गाडीत प्रॉब्लेम आहे असं ठरवू नका. आणि उलटंही खरंय, त्याला चालून गेलेली हयगय आपल्याला चालत नाही.

पायरी ३: ऑइलची लेव्हल

सपाट जागा, इंजिन गरम, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, परत काढा. ज्यांच्या गाडीत डिपस्टिकच नाही त्यांनी स्क्रीनवरून मोजायचं, त्याची पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

बऱ्याच गाड्यांत कमीतकमी आणि जास्तीतजास्त खुणेच्या मधे साधारण एक लिटर असतं. दोन लिटरच्या टर्बो इंजिनात एकूण ऑइल साडेपाच लिटरच्या आसपास, त्यातलं एक लिटर कमी म्हणजे उरलेल्या साडेचारवर तेवढीच गरमी, ते जास्त तापणार आणि वळणावर एका बाजूला सरकलं तर पंपाला हवा लागणार. म्हणून उन्हाळ्यात लेव्हल वरच्या खुणेजवळ ठेवा.

पण खुणेच्या वर भरू नका. "थोडं जास्त टाकलं तर काय बिघडतं" असं म्हणणारे मेस्त्री आहेत, त्यांना हात जोडून नाही म्हणा. ऑइल जास्त झालं तर फिरता क्रँक त्याला घुसळतो, त्यात हवा मिसळून फेस होतो, फेसाळलेलं ऑइल ना नीट गरमी नेतं ना नीट प्रेशर धरतं, उलट घुसळण्यानं अजून तापतं.

आणि काही न टाकता लेव्हल वाढलेली दिसली, डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतंय. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाड्या रोज दोन-तीन किलोमीटरच चालवल्या तर हे होतं. ते ऑइल पातळ झालेलं असतं, बदला.

पायरी ४: समोरची जाळी, रेडिएटर, आणि आपलं पाणी

ही पायरी आपल्या भागात सगळ्यात जास्त फरक पाडते आणि हिच्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

बऱ्याच टर्बो गाड्यांमध्ये कंपनीचा ऑइल कूलर हा पाण्यावर चालणारा असतो, फिल्टरच्या घराजवळ एक छोटा प्लेटचा डबा, एका बाजूनं ऑइल जातं दुसऱ्या बाजूनं कूलंट. म्हणजे ऑइल थंड करायचं काम शेवटी रेडिएटरच करतो. रेडिएटर थकला की ऑइल तापलं. आणि रेडिएटरच्या पुढं एसीचा कंडेन्सर, टर्बो असेल तर इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी), अशा थरांची रांग असते, कचरा अडकतो तो या थरांच्या मधे, बाहेरून गाडी चकाचक दिसते.

आपल्याकडं काय-काय अडकतं बघा. काळ्या मातीची बारीक धूळ. वेचणीच्या सीझनमध्ये कापसाच्या गाड्या आणि जिनिंगच्या आसपास उडणारे तंतू, हे तर कंडेन्सरवर गालिच्यासारखे बसतात. कारखान्याच्या सीझनमध्ये उसाच्या ट्रॉल्यांमागं उडणारं पाचट. पावसाळ्यात रात्रीचे किडे. म्हणून दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा, वर्षातून दोनदा तरी बंपर ढिला करून टॉर्चनं मधली फट बघून घ्या. साफ करताना पाणी आतून बाहेर मारायचं, म्हणजे इंजिनाकडून समोर, साध्या नळाच्या प्रेशरनं. वॉशिंग सेंटरवाल्याला ती मोठी प्रेशर गन जवळून मारू देऊ नका, जाळीची पानं वाकतात आणि मग हवाच जात नाही. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी कधीच नाही.

आता पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे हे घरातल्या बादलीवरचा पांढरा थर बघून कळतं. तेच पाणी कुणी कूलंटमध्ये टॉप-अप म्हणून ओतलं तर तोच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि त्या प्लेटच्या कूलरमध्ये बसतो. टँकरचं पाणीही बहुतेक वेळा बोअरचंच असतं. कूलंट नेहमी कंपनीनं सांगितलेल्या प्रकारचं, आणि पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर, ज्याला आपण बॅटरीचं पाणी म्हणतो ते. सेकंड हँड गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकानं काय ओतलंय माहीत नसेल तर फ्लश करून नवीन भरा, बाकी काही करायच्या आधी.

अजून दोन गोष्टी. जाळीसमोर मोठ्या लाइटा, रुंद नंबरप्लेट, स्टिकर लावून हवा अडवू नका. आणि गाडीच्या पोटाखालचं प्लास्टिक कव्हर. आपल्याकडच्या गतिरोधकांवर खाली बसलेली गाडी घासते, कव्हर फाटतं, मग गॅरेजवाला म्हणतो काढून टाका, हवा चांगली लागेल. हे साफ चुकीचं आहे. समोरून आलेली हवा रेडिएटरमधून खेचली जावी म्हणूनच बऱ्याच गाड्यांत ते कव्हर असतं, ते गेलं की चालत्या गाडीत हवेचा रस्ताच बदलतो. नवीन लावा.

पायरी ५: कुठलं ऑइल

डब्यावरचं ५डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-४० हे वाचायला शिका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. आपल्याकडं बर्फ पडत नाही त्यामुळं ० आणि ५ यात आपल्याला फार फरक पडत नाही. दुसरा आकडा १०० अंशाला ऑइल किती घट्ट आहे त्याचा: ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. ढोबळमानानं ३० ग्रेड १०० अंशाला जेवढं घट्ट असतं तेवढं ४० ग्रेड ११० च्या जवळपास असतं, म्हणजे उन्हाळ्यात तुम्हाला दहा अंशाची सवलत मिळाल्यासारखं.

पण त्याहून कामाचा आकडा आहे एचटीएचएस, १५० अंशाला आणि जोराच्या घर्षणात ऑइल किती टिकतं ते. ५डब्ल्यू-३० मध्येच दोन जाती आहेत, एक मायलेजसाठी बनवलेली, हा आकडा २.९ च्या आसपास, आणि दुसरी ३.५ किंवा त्याहून जास्त. डब्यामागं एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांचं ऑइलचं मानक) सी३ किंवा ए३/बी४ लिहिलेलं असेल तर ३.५ च्या वरचं समजा. जोरात चालवायची गाडी असेल तर ३.५ च्या खाली जाऊ नका, जर कंपनीनं मुद्दाम पातळच सांगितलं नसेल तर.

आणि हे "जर" महत्त्वाचं आहे. मॅन्युअलमध्ये ज्या ग्रेड आणि मंजुऱ्या दिल्यात, फोक्सवॅगन ५०२, ५०४, बीएमडब्ल्यू एलएल-०१, मर्सिडीज २२९.५, पोर्शे ए४० असं काय-काय, त्यातूनच निवडायचं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये गरम हवेसाठी ४० ग्रेडला परवानगी दिलेली असते, असेल तर आपल्या भागात तेच घ्या असं माझं स्पष्ट मत. पण कुणी म्हणालं म्हणून ०डब्ल्यू-२० च्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतणं हा वेडेपणा आहे, घट्ट ऑइल घर्षणानं स्वतःच जास्त तापतं आणि बारीक रस्त्यातून वेळेवर पोचत नाही.

बदलायचं कधी? बऱ्याच कंपन्या १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणतात. जो जोरात चालवतो, रिमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली) गाडी आहे, उन्हाळा आपला, त्यानं ७-८ हजारावर बदलावं. साडेपाच लिटर ऑइल इंजिनापुढं काहीच महाग नाही. आणि बनावट डब्यांपासून सांभाळा, एमआरपीच्या निम्म्यात मिळणारं सिंथेटिक हे सिंथेटिक नसतंच, अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन घ्या, सील आणि कोड तपासा.

पेट्रोलचंही यात नातं आहे. झाकणावर ९५ ऑक्टेन लिहिलेलं असेल आणि तुम्ही त्याहून कमी ऑक्टेनचं साधं पेट्रोल भरत असाल तर इंजिन नॉक होऊ नये (पेट्रोल अवेळी पेटू नये) म्हणून कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागं घेतो, एक्झॉस्ट जास्त तापतो, टर्बो तापतो, ती गरमी ऑइलमध्ये. तालुक्याच्या पंपावर प्रीमियम मिळेलच असं नाही, तर निघायच्या आधी शहरातून टाकी फुल करून निघा, आणि साधंच भरावं लागलं तर तेवढ्या टाकीपुरतं हळू चालवा.

पायरी ६: चालवायची पद्धत

ऑइलचं टेम्परेचर स्पीडपेक्षा आरपीएमच्या मागं जास्त पळतं. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, त्या स्पीडला सहाव्या-सातव्या गिअरमध्ये इंजिन आरामात फिरतं. तोच माणूस स्पोर्ट मोडमध्ये, पॅडलनं चौथ्या गिअरमध्ये अडकवून, आवाजासाठी ४५०० वर गाडी ठेवून वैजापूरपासून जालन्यापर्यंत गेला तर स्पीड तीच पण ऑइल दहा-पंधरा अंश वर. वरचा गिअर टाका, बघा पाच मिनिटात आकडा उतरायला लागतो. हा प्रयोग प्रत्येकानं एकदा करून बघावा.

घाटात उलटं. कन्नडचा घाट किंवा मांजरसुंब्याचा चढ, पुढं ट्रक, स्पीड ३०, एसी फुल, हवा लागत नाही. इथं वरच्या गिअरमध्ये ओढायला लावू नका, कमी आरपीएमला टर्बोवर पूर्ण लोड हे इंजिनाला सगळ्यात जड. एक गिअर खाली, हलका पाय, आणि आकडा १२० च्या वर चढत असेल तर एसी बंद. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढं असतो, एसी बंद केला की रेडिएटरला थोडी थंड हवा मिळते. अगदीच कूलंट पण चढत असेल तर हीटर फुल गरम, पंखा फुल, काचा खाली. मे महिन्यात हे करायला जीव नको होतो पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच आहे, काम करतो.

ज्यांनी रिमॅप केलंय त्यांना एक सांगायचंय. जास्त ताकद म्हणजे जास्त जळणारं इंधन, म्हणजे जास्त गरमी, आणि रेडिएटर मात्र कंपनीचा तेवढाच. ट्यूनरला आधीच सांगा की गाडी मराठवाड्यात चालते, ४३ अंशात चालते. चांगला ट्यूनर त्याप्रमाणं उन्हाळ्यासाठी सांभाळून फाइल देतो.

थांबताना: जोरात चालवून आल्यावर लगेच चावी काढायची नाही. शेवटचे तीन-चार किलोमीटर हळू या, हा सगळ्यात चांगला कूलडाउन, कारण चालत्या गाडीला हवा लागते. नाहीच जमलं तर एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. टर्बोच्या बेअरिंगमध्ये थांबलेलं ऑइल तिथल्या गरमीनं जळून त्याचा काळा कोळसा होतो, तो पुढं ऑइलचा रस्ता बंद करतो. गाडी बंद केल्यावरही पंखा आणि पंप चालू राहिला तर घाबरू नका, तो त्यासाठीच आहे, बॅटरीची वायर काढू नका.

ट्रॅकवर जाणार असाल तर

आपल्या सगळ्यात जवळचं मोठं ठिकाण म्हणजे इंदूरजवळ पिथमपूरचं नॅट्रॅक्स, तिथला हाय स्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे. काही जण कोइम्बतूर, चेन्नई, नाहीतर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरही जातात. नव्या माणसानं डिसेंबर-जानेवारीत जावं. सलग लॅप मारत बसू नका, दोन-तीन जोराच्या, मग एक पूर्ण लॅप ब्रेक न दाबता, वरच्या गिअरमध्ये. १३० दिसलं की पिटमध्ये, १४० ची वाट बघायची नाही. लांब वळणांवर ऑइल चेंबरमध्ये एका बाजूला चढतं, म्हणून लेव्हल वरच्या खुणेला असणं इथं सगळ्यात महत्त्वाचं, आणि पकड वाढवणारे चिकट टायर लावले असतील तर चेंबरमध्ये बॅफल (ऑइल एका बाजूला सरकू न देणारे आडवे पत्रे) लावायचा विचार करा. ट्रॅक डे नंतर घरी आल्यावर ऑइल बदला, त्याच्यावर पुढं सहा महिने काढू नका.

पायरी ७: आता कूलर

सगळं झालं, लेव्हल बरोबर, जाळी साफ, कूलंट नवीन, ऑइल योग्य, आणि वहीतले आकडे सांगतायत की तरीही साध्या चालवण्यात १२५ होतंय किंवा ट्रॅकवर दुसऱ्याच लॅपला १३५. आता कूलर लावणं योग्य. हवेवर चालणारा, समोर बसणारा.

थर्मोस्टॅटवालीच सँडविच प्लेट घ्या, जी ८०-८५ च्या आसपास उघडते. मे महिन्यात ४३ ला पोचणाऱ्या परभणीतच थंडीत पारा दहाच्या खाली जातो, थर्मोस्टॅट नसेल तर डिसेंबरच्या सकाळी ऑइल ८० लाच पोचणार नाही आणि त्यात पाणी-पेट्रोल साचत राहील.

कूलर मोठा आहे म्हणून चांगला असं नसतं, त्यातून हवा जाऊन बाहेर कुठून पडणार हे आधी बघा. मागं हवेला वाट नसेल तर कितीही मोठा लावा, उपयोग नाही. समोरून बाजूनं पत्रा किंवा फोमनं बंदिस्त वाट करा म्हणजे हवा त्याला वळसा घालून जाणार नाही. रेडिएटर पूर्ण झाकेल असा बसवू नका, नाहीतर ऑइल उतरेल आणि कूलंट चढेल. शक्यतो नळ्यांची तोंडं वर ठेवा म्हणजे आत हवा अडकत नाही.

नळ्या चांगल्या ब्रँडच्याच. इथं पैसे वाचवू नका, अजिबात नाही. नळी एक्झॉस्टपासून लांब, टायर पूर्ण वळवल्यावर घासत नाही ना बघा, जिथं पत्र्यातून जाते तिथं रबर लावा. गरम ऑइल एक्झॉस्टवर पडलं तर गाडी पेटते. बसवल्यावर इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गरम करा, बंद करून लेव्हल परत बघा, कारण कूलर आणि नळ्यांत जादा ऑइल लागतं, आणि पहिले काही दिवस प्रत्येक जॉइंटवर बोट फिरवून गळती बघा. वॉरंटी चालू असेल तर बसवायच्या आधी सर्व्हिस सेंटरशी बोलून घ्या.

रस्त्यावर आकडा चढला तर

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि यात गोंधळ झाला की इंजिन जातं.

एक, नुसतं टेम्परेचर चढलंय, १३०-१३५, बाकी दिवा नाही. तर लगेच थांबून बंद करू नका. पाय हलका करा, वरचा गिअर, ७०-८० च्या स्पीडनं चालू ठेवा, एसी बंद. हवा लागेल, ऑइल फिरत राहील, आकडा उतरेल.

दुसरं, लाल रंगाचा ऑइलच्या किटलीचा दिवा लागला. तो टेम्परेचरचा नाही, प्रेशरचा आहे. मग एक सेकंद विचार नाही, न्यूट्रल, कडेला, इंजिन बंद. पुढच्या इंटरचेंजपर्यंत नेतो, ढाब्यापर्यंत नेतो असं करायचं नाही, तेवढ्या अंतरात क्रँक जातो. एक्सप्रेसवेवर शोल्डरच्या एकदम डाव्या कडेला, हॅझर्ड लावा, त्रिकोण मागं लांब ठेवा, सगळी माणसं गाडीतून उतरून कठड्याच्या पलीकडं उभी करा. मग गाडीखाली बघा, चेंबरला दगड लागून फुटलाय का, लेव्हल किती आहे. लेव्हल बरोबर असूनही दिवा लागला असेल तर परत चालू करून बघू नका, टो करून न्या.

टेम्परेचर १४० च्या वर गेलं होतं किंवा प्रेशरचा दिवा लागून गेला होता, तर गॅरेजला नेल्यावर नुसतं ऑइल बदलून सोडू नका. जुना फिल्टर तुमच्या समोर कापायला सांगा, त्याचा कागद पसरून उन्हात धरा. काळा असणं ठीक आहे, काळ्या रंगावरून काही ठरत नाही. पण त्यात तांब्याच्या किंवा चांदीच्या रंगाची चमकणारी कणी दिसली तर ती बहुतेक बेअरिंगची आहे, आणि मग चेंबर खोलून बेअरिंग तपासल्याशिवाय ती गाडी गॅरेजच्या बाहेर काढू नका.